हार्पर्स फेरी: आरव्ही टेकडीवर ठेवा, गावात पायी उतरा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. नाशिकहून आलेले आईबाबा, दोघंही सत्तरीतले. ऑक्टोबरमध्ये तीन दिवस हाताशी. न्यू जर्सीहून पंचवीस फुटी आरव्ही (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन वेस्ट व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीला जायचं. गाडी गावात नेता येईल का, आणि तीनशेच्या आत वस्ती असलेल्या गावात दोन दिवस पुरेल इतकं बघायला आहे का?

गाडी गावात नेऊ नका. आणि दोन दिवस पुरणार नाहीत, इतकं तिथे आहे. बारा वर्षं आम्ही आरव्हीनं हिंडतोय आणि या एका गावाला पाच वेळा गेलोय, म्हणून जरा लांबवर लिहिते.

पोटोमॅक आणि शेनान्डोआ या दोन नद्यांच्या बेचक्यात जमिनीची एक निमुळती जीभ पुढे आली आहे, तिच्यावर हे गाव वसलंय. वरच्या अंगाला टेकडी, खालच्या अंगाला संगम, आणि मधे उतरत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. रस्ते घोडागाडीच्या काळातले आहेत. पहिल्या खेपेला मला हे माहीत नव्हतं. फोनमधल्या नकाशानं सरळ खालच्या गावाचा रस्ता दाखवला आणि मी चोवीस फुटांची गाडी घेऊन हाय स्ट्रीटच्या उताराला लागले. दोन्हीकडे गाड्या लावलेल्या, पुढे वळण. आरव्हीचं मागचं टोक मागच्या चाकांच्याही बरंच मागे असतं, त्यामुळे वळताना ते उलट्या बाजूला झुकतं. आमच्या गाडीचं ते टोक एका उभ्या मोटारीच्या आरशापासून चार बोटांवर येऊन थांबलं. नवरा खाली उतरून मागे उभा राहिला, मी काच खाली करून फक्त त्याचा आवाज ऐकत वितीवितीनं गाडी मागे घेतली. पाऊण तास गेला. सासूबाई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणत होत्या. तुमच्या आईवर ती वेळ येऊ नये म्हणून हे सांगते.

या गावाची खरी सोय टेकडीवर आहे. हार्पर्स फेरी हे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यातलं ऐतिहासिक उद्यान आहे आणि त्यांचं व्हिजिटर सेंटर गावाबाहेर, हायवे ३४० ला लागून, कॅव्हलियर हाइट्सवर आहे. तिथल्या मोठ्या पार्किंग लॉटमध्ये लांब गाड्यांना जागा मिळते. तिथून शटल बस खालच्या गावात सोडते. शुल्क वाहनामागे असतं आणि राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास चालतो. पार्काच्या हद्दीत गाडीत झोपायला मात्र परवानगी नाही, तेव्हा कॅम्पग्राउंड आधीच ठरवा. व्हिजिटर सेंटरच्या अगदी जवळच एक आहे. ऑक्टोबरात पानं रंगलेली असतात आणि शनिवार-रविवारच्या जागा फार लवकर भरतात, म्हणून मी तुमच्या जागी असते तर सोमवार ते बुधवार गेले असते. बुकिंग करताना ‘पुल-थ्रू’ जागा मागा, म्हणजे एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघता येतं, गाडी मागे घ्यावी लागत नाही.

आता मार्ग. मोटारीनं जाणारे बहुतेक लोक न्यू जर्सीहून आय-९५ धरून बाल्टिमोरवरून जातात. आरव्हीला तो रस्ता विसरा. तुमच्या गाडीत स्वयंपाकाच्या प्रोपेनची टाकी असणार, आणि तशा गाड्यांना बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या बोगद्यांमधून मनाई आहे. पूर्वी आरव्हीवाले बंदरावरच्या ‘की ब्रिज’ या पुलावरून जायचे. २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून तो पूलच पडला. तुम्ही आय-७८ नं पश्चिमेला जा, हॅरिसबर्गजवळ आय-८१ पकडा आणि दक्षिणेला चेंबर्सबर्ग, हेगर्सटाउन करत मार्टिन्सबर्गला उतरा. तिथून रूट ९ नं चार्ल्स टाउन, मग ३४०. अडीचशे मैलांच्या आसपास भरतं, रस्ता जवळजवळ सगळा रुंद आहे, आणि व्हिजिटर सेंटर गावाच्या अलीकडेच लागतं. मोटारीला पाच तास लागत असतील तर आरव्हीला साडेसहा धरा. आईबाबांना दर दीड तासानं पाय मोकळे करू द्या. गाडी चालू असताना कोणी उठून चहा करायला जायचं नाही, पट्टा लावूनच बसायचं, हे निघण्याआधी स्पष्ट सांगा. आतून ती घरासारखी दिसते, त्यामुळे वडीलधाऱ्यांना राहवत नाही.

गाडी ताब्यात घेताना तिची उंची विचारा, कागदावर फूट-इंचात मोठ्या अक्षरात लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. फोनच्या साध्या नकाशाला तुमच्या गाडीची उंची माहीत नसते. कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर आधी गाडी समतल करून घ्या. उतारावर उभी राहिली तर रात्री झोपताना डोकं खाली येतं आणि सकाळी आईची पाठ धरते. झोपायला आईबाबांना मागचा पलंग द्या. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर शिडीनं चढणं त्यांचं काम नाही. कॅम्पग्राउंडच्या तीस अँपिअरच्या वीजजोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एकदम लावलात की ब्रेकर पडतो, म्हणून चटणी घरूनच वाटून न्या. फोडणी देताना छताचा पंखा आधी सुरू करा, नाहीतर धुराचा अलार्म सगळ्या कॅम्पग्राउंडला उठवेल. आम्ही पहिल्या रात्री नेहमी मेतकूट-भात करतो. सहा तासांच्या प्रवासानंतर दुसरं काही करण्याचं त्राण नसतं आणि लागतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली शटल धरा. माझा सगळ्यात मोठा आग्रह हाच आहे. वॉशिंग्टनहून आणि बाल्टिमोरहून दिवसभरासाठी येणारी गर्दी अकराच्या पुढे उतरते. त्याआधीचे दोन तास खालचं गाव जवळपास तुमचं असतं. मुक्कामाची गाडी शेजारी असण्याचा फायदा तोच.

बस उतरलात की दुकानांकडे वळू नका. सरळ टोकाला जा, त्याला ‘द पॉइंट’ म्हणतात. समोर दोन नद्या मिळतात आणि एक होऊन ब्लू रिज डोंगराच्या खिंडीतून बाहेर पडतात. तुम्ही उभे वेस्ट व्हर्जिनियात, डावीकडे पलीकडचा कडा मेरीलँडचा, उजवीकडचा डोंगर व्हर्जिनियाचा. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८३ मध्ये इथे आले होते आणि एवढ्या देखाव्यासाठी अटलांटिक ओलांडून यावं, असं त्यांनी लिहून ठेवलं. माझे सासरे सांगलीचे. ते तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हरिपूरला वारणा अशीच येऊन मिळते. फक्त इथं देऊळ नाही.” नंतर खाली वाकून कठड्यावरून हात लांब करून त्यांनी पाण्याला नमस्कार केला. तुमचे बाबा गोदाकाठचे आहेत, त्यांना इथे घाई करू नका.

तिथून परत फिरताना शेनान्डोआ स्ट्रीटच्या बाजूला एका इमारतीच्या कोपऱ्यावर पुराच्या खुणा रंगवलेल्या दिसतील. प्रत्येक रेघेपुढे साल. सगळ्यात वरची १९३६ ची, साडेछत्तीस फुटांची. सासऱ्यांनी मान वर करून ती रेघ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो आमच्याकडच्या माणसालाच सुचेल असा: “हे आयर्विन पुलापाशी मोजतात तसं का?” सांगलीत २००५ आणि २०१९ चा पूर बघितलेल्या माणसाला रेघ वाचायला रेंजर लागत नाही. ते एकेक साल बोटानं दाखवत नातवाला सांगत गेले, की या वर्षी खालचा मजला गेला, या वर्षी वरचाही. एकोणिसाव्या शतकात इथे मोठा सरकारी शस्त्रकारखाना होता, रेल्वे होती, कालवा होता. मग यादवी युद्धानं कारखाना संपवला आणि वारंवारच्या पुरांनी बाकीचं गाव. आज जे उरलंय ते त्या रेघांच्या आतबाहेरचं गाव आहे.

आता ज्या एका इमारतीसाठी मी लोकांना इथे पाठवते, तिच्याबद्दल. संगमाजवळ विटांची एक लहानशी बैठी इमारत आहे, तीन कमानी दारांची, वर छोटा मनोरा. बघितलीत तर म्हणाल, एवढंच? कारखान्याचा आगीचा बंब ठेवायची ती जागा, १८४८ ची. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रविवारी रात्री जॉन ब्राउन नावाचा एकोणसाठ वर्षांचा गोरा माणूस मेरीलँडमधल्या एका शेतघरातून मूठभर साथीदार घेऊन पूल ओलांडून आला आणि त्यानं सरकारी शस्त्रागार ताब्यात घेतलं. ती शस्त्रं गुलामांच्या हाती द्यायची आणि गुलामगिरी उलथून टाकायची, असा त्याचा बेत होता. त्याच्यासह एकूण बावीस जण, त्यांतले पाच काळे. बेत फसला. या धाडीत पहिला बळी गेला तो हेवर्ड शेफर्ड या रेल्वेच्या हमालाचा, आणि तो स्वतः स्वतंत्र काळा माणूस होता; ही गोष्ट झाकून इथला इतिहास सांगू नये. शेवटी ब्राउन उरलेल्या साथीदारांसह या बंबघरात कोंडला गेला. १८ ऑक्टोबरच्या सकाळी रॉबर्ट ई. ली यांच्या हुकमाखाली मरीन सैनिकांनी शिडीचा ओंडक्यासारखा वापर करून दार फोडलं. २ डिसेंबरला चार्ल्स टाउनला ब्राउनला फाशी झाली. दीड वर्षाच्या आत सगळा देश यादवी युद्धात होता, आणि ज्या लींनी हे दार फोडवलं ते गुलामगिरी राखणाऱ्या बाजूचे सेनापती झाले.

पुढची हकिगत मला जास्त विचारात पाडते. १८९१ मध्ये हे बंबघर वीट न् वीट सुटं करून शिकागोला नेलं, १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तिकीट लावून दाखवायला. दहा दिवसांत अकरा माणसं आली. ते तसंच पडलं. १८९५ मध्ये परत आणून गावाबाहेर मर्फी यांच्या शेतावर उभं केलं, कारण मूळ जागेवर तोवर रेल्वेचा भराव पडला होता. १९०९ मध्ये स्टोरर कॉलेजनं ते विकत घेऊन आपल्या आवारात आणलं. हे कॉलेज गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या शिक्षणासाठी १८६७ मध्ये इथेच टेकडीवर निघालं होतं. १९६८ मध्ये पार्कनं ते पुन्हा खाली आणलं. आज तुम्ही जिथे बघाल ती जागाही अगदी मूळची नव्हे. मूळ जागा रेल्वेच्या बांधावर आहे, तिथे दगडी स्तंभ आहे. मुलांना आधी तो स्तंभ शोधायला लावा, मग इमारतीत न्या.

धाडीतल्या माणसांपैकी एकाचं नाव लक्षात ठेवून जा: डेंजरफील्ड न्यूबी. तो स्वतः गुलामगिरीतून सुटलेला होता, पण बायको हॅरिएट आणि मुलं व्हर्जिनियात गुलामच होती. तिला दुसरीकडे विकून टाकतील या धास्तीनं ती त्याला पत्रं लिहीत होती, लवकर ये म्हणून. धाड घालणाऱ्यांपैकी पहिला मेला तो न्यूबीच, आणि ती पत्रं त्याच्या अंगावर सापडली. सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, मी तिथे उभी राहून एवढंच मराठीत सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग तिचं पुढं काय झालं?” सगळ्या सहलीत मला विचारलेला तो सगळ्यात बरोबर प्रश्न होता.

तुम्ही येताना चेंबर्सबर्गवरून आलेले असाल. ऑगस्ट १८५९ मध्ये त्याच गावाजवळच्या दगडाच्या खाणीत ब्राउन गुपचूप फ्रेडरिक डग्लस यांना भेटला आणि बरोबर यायची गळ घातली. डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळून सुटलेले, देशभर नाव असलेले वक्ते. त्यांनी नकार दिला. हा सापळा ठरेल असं त्यांना दिसत होतं. त्याच डग्लस यांनी १८८१ मध्ये स्टोरर कॉलेजात ब्राउनवर भाषण केलं, आणि व्यासपीठावर कोण बसलं होतं, तर ब्राउनला फाशीपर्यंत नेणारे सरकारी वकील अँड्र्यू हंटर. पुढे ऑगस्ट १९०६ मध्ये काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि त्यांचे सहकारी, काळ्यांच्या समान हक्कांसाठी झगडणाऱ्या नायगारा मुव्हमेंटच्या अधिवेशनासाठी याच कॉलेजात जमले. एके सकाळी ते सगळे मर्फींच्या शेतावर त्या बंबघराच्या दर्शनाला गेले, आणि त्यांच्यातल्या काहींनी ही पवित्र भूमी म्हणून पायातले जोडे काढले. मी हे सांगितलं तेव्हा सासऱ्यांना काहीच समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी मला उलट आठवण करून दिली, की जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केलं होतं. आयुष्यभर हायस्कुलात शिकवलेला माणूस, ती अर्पणपत्रिका त्यांना माहीत होती. तिच्यामागचं एक गाव पायाखाली येईल असं मात्र वाटलं नव्हतं. ब्राउनच्या धाडीला तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती.

मर्फींच्या शेतावर बंबघराचा नुसता पाया आज शिल्लक आहे, गवतात, शेनान्डोआच्या वर. तिथे पायवाट आहे, चढ सौम्य आहे, गर्दी अजिबात नसते. गाव बघितल्याच्या पुढची सकाळ मी तिच्यासाठी राखून ठेवेन. आईबाबांना जमेल तितकं चालू द्या, बाकी बाकावर बसू द्या.

पायऱ्यांबाबत मात्र सावध करते. खालच्या गावातून सेंट पीटर्स चर्चकडे आणि पुढे जेफरसन रॉककडे जाणाऱ्या पायऱ्या खडकातच कोरलेल्या आहेत, कमीजास्त उंचीच्या आणि वर्षानुवर्षांच्या वापरानं मधे झिजलेल्या. ओल्या पानांवर त्या निसरड्या होतात. गुडघ्याचा त्रास असेल तर चर्चपर्यंतच जा, दृश्य तिथूनही मिळतं. बूट पकड असलेले हवेत, आणि आई साडी नेसत असतील तर जरा आखूड नेसायला सांगा. रेल्वेच्या पुलाला लागून पायी जायची वाट आहे, ती पोटोमॅक ओलांडून मेरीलँडला जाते. तिथपर्यंत सगळ्यांना न्या, कारण वाट सपाट आहे आणि मधोमध असताना मालगाडी आली तर पूल पायाखाली थरथरतो. नातवंडं ते विसरत नाहीत. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी अपालाचियन ट्रेलही याच पुलावरून जाते. पलीकडचा मेरीलँड हाइट्सचा चढ मात्र तुम्हा तरुणांसाठी. दमवणारा आहे, तीन-चार तास धरा, पण वरून दोन नद्यांच्या मधलं सगळं गाव तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं. तुमच्यापैकी एकानं आईबाबांपाशी थांबावं आणि एकानं जावं.

यादवी युद्धातलं अँटीटमचं रणांगण जवळ आहे आणि लोक एकाच दिवसात दोन्ही उरकतात. तसं करू नका. वेगळी सहल करा, तिथे गाडीनं फिरायचा रस्ता आहे.

परतीच्या दिवशी सकाळी टाक्या रिकाम्या करताना आधी शौचालयाची, मग धुण्यापुसण्याच्या पाण्याची, म्हणजे नंतरचं पाणी पाइप धुऊन नेतं. हातमोजे घाला. चार्ल्स टाउनमध्ये ज्या कोर्टात ब्राउनवर खटला चालला ती इमारत वाटेवरच आहे, पण गावात पंचवीस फुटांना जागा मिळणं कठीण. आम्ही गाडी कडेच्या एका मोठ्या दुकानाच्या आवारात, व्यवस्थापकाला विचारून, अर्धा तास लावली होती. विचारल्याशिवाय लावू नका.

आणि खालच्या गावात दुपारचं जेवण महाग पडतं आणि गर्दीत उभं राहावं लागतं, म्हणून पोळी-भाजीचा डबा, पाणी आणि बाबांची दुपारची औषधं सोबत घेऊनच शटलमध्ये बसा. वर गाडीपर्यंत जाऊन येण्यात तास जातो. शेवटची बस किती वाजता सुटते ते उतरतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या. ती चुकली तर वर गाडीपर्यंत चढाचा रस्ता आहे, आणि तो अंधारात आईबाबांना घेऊन चालायचा नाही.